गोळीचा कागद

बेरिक गावात ट्वीड नदी समुद्राला मिळते
आणि कायदा तीन मैलांवर बदलतो.
पलीकडे स्कॉटलंड. तिथे माणसाने नुसतं लिहून दिलं, 'देईन',
की तो बांधला गेला, समोरून काही येवो न येवो.
अलीकडे, आमच्या ऑफिसात,
शब्दाच्या बदल्यात टेबलावर काहीतरी यावं लागतं.
नाहीतर बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

मी तिथली टायपिस्ट. सत्त्याऐंशीचा मार्च, हीटर बिघडलेला.
कथबर्ट रेंटन आला, जन्मभर सॅमन पकडलेला, डावी बाजू लुळी.
काठीच्या आधी त्याचा खोकला जिना चढला.
मागून एल्स्पेथ पर्व्हज, शेजारीण,
त्याचा मफलर हातात घेऊन.

"होडी, जाळी आणि काठावरची खोप हिला," तो म्हणाला.
"आठ वर्षं हिने माझी दाढी केली."
मिस्टर ऑर्डनी पेन खाली ठेवलं.
"ती वर्षं होऊन गेली, कथबर्ट.
झालेलं काम मोबदला होत नाही.
तू तेव्हा मागितलं नव्हतंस, हिने दर सांगितला नव्हता."

खोलीत आठ वर्षं उभी राहिली,
सूप, मोजे, रात्री दोनला बदललेली चादर,
आणि त्यांना बसायला खुर्ची नव्हती.

"बक्षीसपत्र करू," ऑर्ड म्हणाले. "त्याला मोबदला लागत नाही."
"बक्षीस?" म्हातारा उखडला.
"ती काय चर्चच्या दारात हात पसरून बसलीय?
मला विकायचंय. सौदा म्हणून."

"मग हिने काही द्यावं. आज, आत्ता.
किती, हे कायदा विचारत नाही.
काय, एवढंच विचारतो."

पर्स घरी राहिलेली. एल्स्पेथने कोटाचे खिसे उलटे केले.
बसचं परतीचं तिकीट; ते देऊन घरी कशी जाणार?
दात तुटलेला कंगवा. "तो माझाच," कथबर्ट म्हणाला.
तळाशी बार्ली शुगरची एक गोळी,
कागदाला अस्तराचे धागे चिकटलेले.
ती टेबलावर ठेवताना एल्स्पेथ लाजली.
आठ वर्षं त्याचं सगळं करताना
लाजली नसेल एवढी.

ऑर्ड सांगत गेले, मी टाइप केलं:
'एका गोळीच्या मोबदल्यात, जी मिळाली.'
'मिळाली'पुढचा पूर्णविराम पडायच्या आत
कथबर्टने ती सोलून तोंडात टाकली.
सही करेपर्यंत मोबदला त्याच्या गालात
या बाजूचा त्या बाजूला होत होता.

कागद मी उचलला. का, माहीत नाही.
नखाने सपाट केला, टाचणीने दस्ताला लावला.

जूनमध्ये तो गेला.
ऑगस्टमध्ये डरहॅमहून पुतण्या उगवला,
काळ्या टायला किमतीची चिठ्ठी तशीच.
"हिने दिलं काय?"
"गोळी."
"कुठाय ती?"
ऑर्डनी फाइल त्याच्याकडे वळवली.
पिवळा कागद, टाचणीभोवती गंजाचं कडं.
पुतण्याने तो हुंगला, शपथेवर सांगते.
मग टोपी घातली आणि जिना उतरला.

त्या संध्याकाळी मी उशिरा निघाले.
बावीसची असताना मीही एक शब्द दिला होता,
'येईन', एवढाच, एका पत्रात.
त्याने बदल्यात काही मागितलं नव्हतं.
मी गेले नाही.
बेरिकच्या हिशेबाने मी मोकळी,
हे सांगायला मला ऑर्ड लागत नाहीत.

पण पत्र मी आयमाउथच्या पोस्टात टाकलं होतं,
आणि आयमाउथ पलीकडे येतं.
भिंतीवरच्या नकाशात मी पाहिलं.
दिवा मालवला, परत लावला,
परत पाहिलं.